दलाली कशाची ?

घर घेणें, घर विकणें किंवा घर भाड्यानें देणें, यांपैकीं एखादा प्रसंग प्रत्येक कुटुंबांत पिढींतून एकदां तरी येतोच. आणि तो आला कीं आपल्या ओटीवर दलाल येतो. त्याला आपण चहा देतों, त्याच्याकडून आठ-दहा घरें पाहून घेतों, आणि तो जिना उतरला कीं, "मेला नुसतीं दारें उघडून दाखवितो आणि दोन टक्के मागतो," असें म्हणतों. मीहि असेंच म्हणत असें. आतां म्हणत नाहीं. कां म्हणत नाहीं, तें या महिन्याच्या सदरांत सांगावयाचें आहे.

माझा एक जुना विद्यार्थी गेलीं वीस वर्षें पुण्यांत हा व्यवसाय करीत आहे. शाळेंत त्याला गणित बरें येई. संस्कृताची मात्र भीति वाटे. गेल्या पाडव्याला तो नमस्कारास आला असतां मीं सहज विचारलें, "धंद्याचें कसें काय?" तो हंसून म्हणाला, "पोट भरतें, गुरुजी. पण कांहीं प्रश्न रोज उठून समोर येतात, आणि ते विचारावयाचे कोणाला?" मीं त्याला बसवून घेतलें आणि एकेक प्रश्न ऐकूं लागलों.

पहिला प्रश्न असा. रविवारीं एखादें कुटुंब त्याच्याबरोबर सहा-सात घरें पाहतें. किल्ल्या त्यानें गोळा केलेल्या, गाडी त्याची, पेट्रोल त्याचें. एक घर मंडळींच्या मनांत भरतें. परंतु "विचार करून कळवूं" असें सांगून तीं निघून जातात, आणि दोन दिवसांनीं परस्पर मालकाला गांठून व्यवहार ठरवितात. दलालीचे पैसे दोघांचेहि वांचतात. दलालाला बातमी लागते ती एकदम वास्तुशांतीची ! यावर इलाज काय ?

कायद्याचें साहाय्य येथें थोडेंच आहे. १८७२ च्या करार-कायद्यांत मालक व त्याचा प्रतिनिधि यांच्या संबंधाचें एक सबंध प्रकरण आहे. त्यांतील २१९ व्या कलमाप्रमाणें, वेगळा ठराव झालेला नसेल तर सोंपविलेलें काम पुरें होईपर्यंत प्रतिनिधीचा मेहनताना देय होत नाहीं. म्हणून मीं त्याला सांगितलें, कीं घर दाखविण्यापूर्वीं चार ओळी लिहून त्यांवर सही घेत जा : कोणतीं घरें, कोणत्या तारखेस, कोणास दाखविलीं, व्यवहार ठरल्यास दलाली किती आणि ती केव्हां द्यावयाची. तो म्हणाला, "कागद पुढें केला कीं माणसें बिचकतात." बिचकोत बापडीं ! जो चार ओळींवर सही करावयास बिचकतो, त्याला रविवार फुकट जाण्यापूर्वींच ओळखलेलें बरें.

हा उपदेश मीं मोठ्या शहाणपणानें केला खरा. पण तो करतांना माझी नजर त्याच्या नजरेला मिळत नव्हती. त्याचें कारण पुढें येईल.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. विकणारा दलाली देतो, घेणाराहि देतो. मग दलाल माणूस कोणाचा? दलाल हा शब्द अरबी असून त्याचा धातु वाट दाखविणें या अर्थाचा आहे. पुरावा या अर्थाचा दलील हा शब्दहि त्याच धातूपासून निघाला. आपला जुना शब्द मध्यस्थ. गीतेच्या सहाव्या अध्यायांत उदासीन आणि मध्यस्थ हे शब्द शेजारीं-शेजारीं आले आहेत, आणि श्रीशंकराचार्यांनीं आपल्या भाष्यांत त्यांतील भेद दाखविला आहे. जो कोणाचाच पक्ष घेत नाहीं तो उदासीन; परस्परविरुद्ध अशा दोघांचेंहि जो हित इच्छितो तो मध्यस्थ. आमच्या या विद्यार्थ्यानें जन्मभर टाळलेलें संस्कृत अखेर त्याच्या धंद्याच्या कामीं आलें, याचा मला आनंद झाला.

परंतु तो कांहीं कच्च्या गुरूचा चेला नव्हे. त्यानें लगेच शंका काढली, "गुरुजी, एकाला पांच लाख जास्त हवे असतात, दुसऱ्याला पांच लाख कमी द्यावयाचे असतात. दोघांचें हित मी एकदम कसें पाहूं ?" शंका रास्त होती. मला वाटतें, किंमतीपुरतें त्यानें निरोप्याचें काम करावें. एकाचें म्हणणें जसेंच्या तसें दुसऱ्यास पोंचवावें, आणि दोघांकडून दलाली घेत असल्यास तें दोघांनाहि आधींच सांगावें. पण घराच्या दोषाची गोष्ट निराळी. पावसाळ्यांत भिंत पाझरते कीं नाहीं, सोसायटीचें देणें थकलें आहे कीं नाहीं, कागदावर कोणाचें नांव आहे आणि कोणाचें असावयास पाहिजे, या बाबतींत दोघांचें हित एकच असतें. कारण लपविलेला दोष पुढें कोर्टांत उगवतो आणि तेथें दोघेहि खर्चांत येतात. तेथें मात्र दलालानें साक्षीदाराप्रमाणें खरें तेंच बोलावें. वर सांगितलेल्या कायद्याचें २२० वें कलमहि हेंच सुचवितें, कीं ज्या कामांत प्रतिनिधीनें गैरवर्तन केलें, त्या कामाचा मेहनताना त्याला मागतां येत नाहीं.

नव्या इमारतींच्या बाबतींत २०१६ च्या कायद्यानें हें काम पुष्कळ सोपें केलें आहे. महाराष्ट्रांत १ मे २०१७ पासून 'महारेरा' हें प्राधिकरण काम पाहूं लागलें. नोंदणी झालेल्या प्रकल्पांतील घर विकावयाचें तर दलालासहि नोंदणी करावी लागते, आणि २०२३ सालापासून त्यासाठीं प्रशिक्षण घेऊन परीक्षाहि द्यावी लागते. माझा विद्यार्थी पंचेचाळिसाव्या वर्षीं पुन्हां परीक्षेला बसला व उत्तीर्ण झाला. पूर्वीं घराचें माप सांगतांना जिना, लिफ्ट, व्हरांडा सर्व त्यांत मिसळून आंकडा फुगविला जाई. आतां कार्पेट क्षेत्राची व्याख्या कायद्यांतच आहे : बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची सोडून आंत वापरावयास मिळणारी जागा, मात्र आंतल्या आडभिंती त्यांत धराव्या. तसेंच, नोंदविलेला करार होण्यापूर्वीं बिल्डरास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. वाचकांनीं या दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. जुन्या घरांच्या फेरविक्रीला आणि भाड्याच्या व्यवहाराला मात्र या कायद्याचें छत्र नाहीं. तेथें दलालाची सचोटी हेंच छत्र.

तिसरा प्रश्न सांगतांना तो थोडा घुटमळला. कारण तो आपल्याच लोकांविषयींचा होता. घर भाड्यानें द्यावयाचें असतें तेव्हां मालक त्याला हळूच सांगतात, "एकटी मुलगी नको. अमक्या जातीचें नको. आडनांव आधींच विचारून घ्या. पण आम्हीं सांगितलें असें म्हणूं नका. घर गेलें म्हणून सांगा." मग बाहेरगांवाहून नोकरीसाठीं आलेला एखादा सज्जन तरुण दारापर्यंत येतो, आणि दलाल त्याच्या तोंडावर खोटें बोलतो. खोटें बोलण्याचें पाप दलालाचें, सोंवळें मात्र आपलें ! वाचक हो, जी अट आपल्या तोंडानें त्या तरुणास सांगावयाची आपणांस लाज वाटते, ती अट मनांत बाळगण्याचीहि लाज वाटावयास नको काय ? मीं विद्यार्थ्याला सांगितलें, "असा निरोप घेऊं नकोस. म्हणावें, आपणच सांगा." तो म्हणाला, "मग घर दुसऱ्या दलालाकडे जातें." जातें खरें. यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आणि उत्तर नसतां शिक्षकानें गप्प बसावें, हें मी उशिरां शिकलों आहें.

हेच मालक अकरा महिन्यांचा करार नोंदविण्याचा खर्च वांचवितात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें असा करार लेखी करून नोंदविणें आवश्यक ठरविलें आहे, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसल्यास अटींविषयीं तंटा पडला असतां, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकऱ्याचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें. दलाल हें सांगूं लागला कीं मालकाला वाटतें, हा आपल्या खर्चाची वाट काढतो आहे.

आतां माझी नजर खालीं कां गेली, तें सांगतों.

आमच्या वडिलांनीं १९५८ सालीं स्वकमाईनें पेठेंत एक लहानसा वाडा घेतला. ते १९८१ सालीं मृत्युपत्र न करितां वारले. पुढें आई गेली. आम्ही तिघे भाऊ, आणि सर्वांत वडील ताई, ती सांगलीस दिलेली. वारसनोंदीच्या वेळीं मालमत्तापत्रकावर आम्हां तिघांचीं नांवें लागलीं. ताईचें लागलें नाहीं. कोणीं मुद्दाम गाळलें असें नाहीं. मुलीचें नांव लावावयाचें असतें, हेंच त्या वेळीं कोणाच्या मनांत आलें नाहीं. चार वर्षांपूर्वीं वाडा बिल्डरास देऊन त्या जागीं नवीं घरें घ्यावीं असें ठरलें. या विद्यार्थ्यानेंच बिल्डर आणला. आमच्या बाजूची त्याची दलाली एक टक्का ठरली, तीहि तोंडी. एके संध्याकाळीं तो सर्व कागद वाचून म्हणाला, "गुरुजी, आपल्याला एक बहीण आहेत ना ? दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गांत आपण त्यांचे अनारसे वांटीत होतां."

माझा धाकटा भाऊ चिडला. "तुम्हांला काय करावयाचें आहे ? ताई कधीं कांहीं मागणार नाहीं." विद्यार्थी शांतपणें म्हणाला, "नसतील मागणार. पण वारस इतकेच आहेत, हें बिल्डराला माझ्या तोंडून सांगावयाचें आहे. तें मला सांगतां येणार नाहीं." मग त्यानें सांगितलें, कीं १९५६ च्या कायद्याप्रमाणें बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. राहत्या घराची वांटणी मात्र पूर्वीं मुलीला आपण होऊन मागतां येत नसे. २००५ सालीं तीहि आडकाठी निघून गेली. मी चाळीस वर्षें मुलांना भागाकार शिकविला, आणि घरच्या भाज्याला तिघांनीं भागीत होतों !

ताईला पत्र लिहिलें. तिचें उत्तर आलें तें असें : "मला पैशाची गरज नाहीं असें मी म्हणणार नाहीं. माझा चौथा वाटा मला द्यावा. पण तीन भाऊ असतां ही गोष्ट तुम्हांला परक्या माणसानें सुचवावी, याचें वाईट वाटलें." घरांत आठ-दहा महिने अबोला राहिला. शेवटीं ताईचें नांव लागलें, चार वाटे झाले, चौघांच्या सह्यांनीं करार नोंदविला गेला. परंतु या मधल्या काळांत बिल्डर आमच्याशीं परस्परच बोलूं लागला होता. दलाल मध्यें नसला तर दोघांचाहि खर्च वांचतो, असें तो म्हणाला. भावांनीं मान डोलाविली. मी बोललों नाहीं. रविवारीं घरें पाहून परस्पर व्यवहार ठरविणाऱ्या त्या कुटुंबांत आणि आमच्यांत अंतर तें काय ?

आणि हा मुलगा पाडव्याला माझ्या पायां पडावयास आला होता. आपले सर्व प्रश्न त्यानें सांगितले; आमचें नांव त्यांत एकदांहि काढलें नाहीं.

तो उठूं लागला तेव्हां आंतून आमचें कुटुंब बाहेर आलें आणि मला म्हणालें, "त्याचें राहिलें आहे ना आपल्याकडे ?" मीं कपाटांतून धनादेशाचें पुस्तक काढलें व माझ्या वाट्याची दलाली लिहून दिली. तो घेईना. "कायद्यानें आपण कांहीं लागत नाहीं, गुरुजी. लेखी कांहींच नव्हतें." मीं म्हटलें, "लेखी नव्हतें, कारण तूं माझा विद्यार्थी होतास. त्याचा फायदा मीं तीन वर्षें घेतला, आतां पुरे." तेव्हां त्यानें धनादेश घेतला आणि पावतीपुस्तक काढून विचारलें, "कशाबद्दल लिहूं ?"

दार उघडून दाखविल्याबद्दल, असें मी पूर्वीं म्हटलें असतें. आमचा वाडा आम्हांला त्यानें काय दाखवावा ! त्यानें दाखविलें तें कागदावर नसलेलें एक नांव. दलाली असते ती याची. ज्या शब्दानें आपला व्यवहार क्षणभर अडतो, त्या शब्दाची. मीं त्याला "दलालीबद्दल" असेंच लिहावयास सांगितलें. त्या शब्दांत कमीपणा मानण्याचें मला आतां कारण उरलें नाहीं.

धाकट्या भावानें आपला वाटा पुढच्या महिन्यांत पाठविला. मधल्याचा विचार अजून चालला आहे. ताई भाऊबीजेला आली होती; तिनें मात्र न सांगतांच आपल्या चौथ्या वाट्याचे पैसे त्या मुलाच्या घरीं नेऊन दिले, आणि अनारसेहि दिले.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें एखादें देणें मागें राहिलें असेल, तर तें त्यांनीं येत्या पाडव्यापूर्वीं फेडावें, एवढी विनंति करून या महिन्यापुरती लेखणी खालीं ठेवतों.