नवे अंगठेबहाद्दर

जो मनुष्य कागद न वाचतां सावकाराच्या खतावर अंगठा उठवी, त्यास आपल्याकडे अंगठेबहाद्दर म्हणत. त्या बिचाऱ्याचा अपराध एवढाच कीं, त्यास वाचतां येत नसे. आज ज्यांस वाचतां येतें, ज्यांच्या नांवापुढें पदव्या आहेत, असे आमचे सुशिक्षित बांधव दिवसांतून दहा वेळां न वाचलेल्या मजकुराखालीं अंगठा उठवीत आहेत, आणि यासच लोकशाहींतील सहभाग म्हणत आहेत. समाजमाध्यमांनीं प्रत्येकाच्या खिशांत सभागृह आणून ठेविलें, आतां जनतेचा आवाज कोणासही दाबतां येणार नाहीं, असा डंका एक पंथ गेलीं कांहीं वर्षें पिटीत आहे. त्याचें म्हणणें एकदां नीट तपासून पाहणें अवश्य झालें आहे.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यांत जेवढें खरें तेवढें प्रथमच देऊन टाकूं. २७ मार्च २०१५ रोजीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें इंटरनेटवरील सेवांच्या नियमनासंबंधीं एक विचारपत्रिका प्रसिद्ध केली. शंभराहून अधिक पानें, वीस प्रश्न आणि भाषा तज्ज्ञांची! अशा पत्रिकेस एरवीं कंपन्यांचे वकीलच काय ते उत्तर देते. परंतु कांहीं स्वयंसेवकांनीं ती सोपी करून सांगितली, उत्तरांचा मसुदाही तयार करून दिला, आणि महिन्याभरांत दहा लाखांवर ई-मेल प्राधिकरणाकडे गेले. सर्व संकेतस्थळांस सारखी वागणूक मिळावी, ही मागणी मग कोणास दृष्टीआड करतां येईना. हें कार्य या नव्या साधनाविना झालें नसतें, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

पण कथा येथें संपत नाहीं. ९ डिसेंबर २०१५ रोजीं त्याच प्राधिकरणानें निरनिराळ्या संकेतस्थळांसाठीं निरनिराळे दर आकारूं द्यावेत काय, याविषयीं मतें मागविलीं. निवडक संकेतस्थळें फुकट दाखविणारी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' नांवाची योजना या प्रश्नांत सांपडली होती. कंपनीनें काय केलें? आपल्याच सदस्यांपुढें आपल्याच पानावर एक आयतें पत्र ठेविलें. कळ दाबली कीं पत्र रवाना! लाखों पत्रें प्राधिकरणाकडे येऊन पडलीं. त्यांत योजनेची भलावण होती. विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें मात्र नव्हतीं. प्राधिकरणानें कंपनीची कानउघाडणी केली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं असे भेदभावाचे दर निषिद्ध ठरविले.

आयता मसुदा दोन्ही वेळां होता. मग भेद कोठें? पहिल्या वेळीं त्यांत प्रश्नांचीं उत्तरें होतीं, म्हणून तीं पत्रें वाचण्याजोगीं होतीं. दुसऱ्या वेळचीं केवळ मोजण्याजोगीं. आणि मोजणीचा नियम असा कीं, ज्याच्या हातीं कळ, त्याच्या पदरांत आकडा. प्राधिकरणानें त्या आकड्यापुढें मान तुकविली असती, तर या देशाचा नियम एका परदेशी कंपनीच्या पानावर ठरला असता, आणि त्यास लोकमताचा कौल असें गोंडस नांव मिळालें असतें.

कोणी म्हणेल कीं, सह्या गोळा करणें ही आमची जुनीच रीत आहे. खरें; पण ती रीत कशी होती? १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा निघाली, तेव्हां सभासद होणारास निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. सही देणारा आपल्या मुखत्याराचें तोंड ओळखी. त्यास रस्त्यांत गांठून 'आमच्या कामाचें काय केलेंत?' असें विचारूं शके. आमच्या आजच्या अंगठ्याचा मुखत्यार कोण, आणि त्यास जाब विचारावयाचा तो कोठें?

या फुकटच्या सहभागाची खरी किंमत आपल्या दारांतच दिसते. मुंबई व पुणे या दोन्ही महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. प्रभागरचनेचा घोळ आणि आरक्षणाचा न्यायालयीन वाद यांत निवडणुका अडकल्या, आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथील कारभार प्रशासकांनीं हांकला. शेवटीं मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास निवडणुकांचा आदेश द्यावा लागला. हीं दोन शहरें समाजमाध्यमांत मागें आहेत असें कोणीही म्हणणार नाहीं. त्या काळांत अमेरिकेचा अध्यक्ष कोण व्हावा यावर घरोघर व्हॉट्सॲपवर रणें माजलीं. आपल्या प्रभागास नगरसेवकच उरला नाहीं याचा संताप कितीजणांस आला? निवडणुका समाजमाध्यमांनीं थांबविल्या नाहींत, हें उघड आहे. परंतु नागरिकांचा संताप वाटेंतल्या वाटेंत जिरविण्याचें काम त्यांनीं चोख बजाविलें. दूरच्या अन्यायावर अंगठा उठविण्यास कांहींच पडत नाहीं. जवळच्या अन्यायासाठीं घराबाहेर पडावें लागतें.

साधन फेंकून द्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. जो मसुदा पाठवावयाचा तो आधीं वाचावा. चार ओळी कां होईनात, स्वतःच्या शब्दांत लिहाव्या. खालीं स्वतःचें नांव घालावें. आणि उत्तर न आल्यास तें मागावयास जावें. मतें मागविणाऱ्यांनींही तीं मोजून न थांबतां वाचावींत, व कोणतें मत कां नाकारलें हें प्रसिद्ध करावें. यांत कष्ट आहेत. पण कष्टांवांचून मिळालेलें नागरिकत्व हें मुळीं दुसऱ्यानें आपल्या नांवें चालविलेलें खातें होय. जुन्या अंगठेबहाद्दराची जमीन गेली, तेव्हां 'मला वाचतां येत नव्हतें' असें त्यास निदान म्हणतां तरी आलें. आम्हांस ती सबब नाहीं.