रक्ताचा अर्थ

‘ख्रिस्ताच्या रक्ताने तारण’ हे शब्द ऐकले की आपल्यापैकी अनेकजण बिचकतात. रागावलेला देव, त्याला शांत करण्यासाठी दिलेला निरपराध बळी आणि फुकट सुटलेला पापी, असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. अशा देवाला न्यायी कसे म्हणावे? शंका रास्त आहे. पण आधी या रक्ताचा मूळ अर्थ पाहिला पाहिजे.

जुन्या करारातील ‘लेवीय’ ग्रंथात रक्त म्हणजे प्राण मानला आहे. म्हणूनच रक्त खाण्यास मनाई. ते फक्त वेदीवर, प्रायश्चित्तासाठी. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणीत. एकाचे रक्त मुख्य याजक परमपवित्र स्थानात शिंपडी; दुसऱ्याच्या मस्तकी लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडीत. ज्याच्यावर पापे ठेवली, त्याला कापण्याची आज्ञा ग्रंथात नाही. तेव्हा हा विधी शुद्धीचा आहे, देवाची तहान भागविण्याचा नव्हे.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील बलिदाने थांबली. ख्रिस्ताचे अर्पण एकदाच व सर्वांसाठी झाले, असे नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. पुढे १०९८ च्या सुमारास अन्सेल्मने मांडले की, पापाने देवाचा मान हिरावला जातो व त्याची भरपाई व्हावीच लागते. आबेलारने (१०७९–११४२) या मरणाने माणसाच्या मनात जागणाऱ्या प्रेमावर भर दिला.

मला वाटते, मर्म याहून साधे आहे. सावकाराने कर्ज माफ केले म्हणून नुकसान नाहीसे होत नाही. ते सावकार स्वतः सोसतो. क्षमा करणाऱ्यालाच क्षमेची किंमत मोजावी लागते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ख्रिस्त हा कोणी तिऱ्हाईत नाही. त्याच्या ठायी देव स्वतःच ही किंमत मोजतो. मग अन्यायाचा आक्षेप उरतो कोठे?

पण पापी फुकट सुटला काय? आपल्याकडे पूर्वी प्रायश्चित्त दोषी माणूस स्वतः घेई, मग त्याला पंक्तीत बसवीत. येशू मात्र लुबाडणाऱ्या जक्कयाच्या घरी आधी उतरला. त्यानंतर जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले. भरपाई टळली नाही, तिचा क्रम बदलला. म्हणून रक्ताचे नाव घेऊन जो शेजाऱ्याचे देणे बुडवितो, त्याला त्या रक्ताचा अर्थ कळलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.