नम्रता तिची, चोरी त्यांची

झान झ्युगाँचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तिनंच उभारलेल्या, गरीब म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर्सच्या संघात तिला बाजूला सारलं, पण तिनं ब्र काढला नाही. संत अशाच असतात. मग आपण कशाला जुनी मढी उकरायची? ऐकायला हे भक्तिभावाचं वाटतं. मला मात्र ते मान्य नाही. एका बाईच्या मोठेपणाचं पांघरूण तिच्यावर झालेल्या अन्यायावर घालायचं, एवढंच यातून साधतं.

झान १७९२ साली फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, कांकाल या कोळ्यांच्या गावात जन्मली. चार वर्षांची व्हायच्या आत बाप समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. सोळाव्या वर्षी ती एका वाड्यात स्वयंपाकघरात कामाला लागली. पुढे सँ-सेर्व्हांच्या रुग्णालयात रोग्यांची उस्तवार, मग एका अविवाहित बाईंच्या घरी बारा वर्षं चाकरी. १८३९ चा हिवाळा आला तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि दोघीजणींबरोबर भाड्याच्या जागेत राहत होती. तिथे तिनं आन शोव्हँ नावाच्या एका आंधळ्या, अंगावरून वारं गेलेल्या म्हातारीला आणलं. जिना अरुंद होता. झाननं तिला उचलून वर नेलं, स्वतःचा बिछाना तिला दिला आणि आपण माळ्यावर जाऊन झोपली. ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा जगभर पसरलेला संघ सुरू झाला तो त्या रात्री. तेव्हा ना नियमावली होती, ना कुणा धर्मगुरूची परवानगी.

ओग्युस्त ल पायर हा तिथल्या चर्चमधला तरुण धर्मगुरू. झानच्या तरुण सोबतिणींचा तो आध्यात्मिक मार्गदर्शक होता. संघाला आकार यायला त्याची मदत झाली, हे नाकारायचं कारण नाही. पण ८ डिसेंबर १८४३ रोजी सगळ्याजणींनी झानला पुन्हा प्रमुख म्हणून निवडलं आणि २३ डिसेंबरला या माणसानं ती निवड स्वतःच्या अधिकारात रद्द केली. प्रमुखपदी त्यानं याच तरुण सोबतिणींपैकी मारी झामेला बसवलं. ती तेवीस वर्षांची होती.

‘धर्मगुरूशिवाय संघ टिकलाच नसता, म्हणून संस्थापक तोच,’ असंही कुणी म्हणतं. या म्हणण्याला त्या काळातलीच कागदपत्रं उत्तर देतात. सँ-सेर्व्हांच्या महापौरांनी आणि प्रतिष्ठित नागरिकांनी फ्रेंच अकादमीकडे अर्ज केला तो झानच्या नावानं. १८४५ साली अकादमीनं मोंत्यों पुरस्कार आणि तीन हजार फ्रँक दिले तेही तिलाच. म्हणजे गावाला ठाऊक होतं, पॅरिसला ठाऊक होतं. तरीही १८५२ मध्ये ल पायरनं तिला मुख्य मठात बोलावून घेतलं आणि तिचं बाहेर फिरणं बंद केलं. पुढची सत्तावीस वर्षं ती नव्या मुलींमध्ये ‘सिस्टर मेरी ऑफ द क्रॉस’ म्हणून राहिली. आपल्या शेजारी बसलेली ही म्हातारी कोण, हे त्यातल्या कित्येकींना माहीतच नव्हतं. संघाचा अधिकृत इतिहास ल पायरला संस्थापक म्हणत होता आणि झानला तिसरी सिस्टर.

आता मुख्य मुद्दा, तिच्या मौनाचा. ती खरंच मुकी होती का? वर्गणी मागायला गेली असता एकानं तिच्या थोबाडीत मारली, तेव्हा ‘हे मला झालं, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या,’ असं ती म्हणाली, अशी आठवण सांगतात. असं उत्तर देणारी बाई बोलायला घाबरत नाही. खुद्द ल पायरला तिनं सुनावल्याचंही सांगितलं जातं: तुम्ही माझं काम चोरलंत, पण मी ते आनंदानं तुमच्यावर सोडते. प्रवचनांत यातला फक्त दुसरा भाग येतो. पण चोरीला चोरी म्हटल्याशिवाय क्षमा कसली करणार? तिनं आधी आरोप केला, मग क्षमा केली. आरोप गाळून नुसती क्षमा सांगणं म्हणजे तिचं तोंड पुन्हा एकदा बंद करणं.

संस्थापक कोण, हे मठातल्या मोठ्यांनाही पुरतं ठाऊक होतं. १८६५ मध्ये कायमस्वरूपी उत्पन्न आणि ठेवी स्वीकारायच्या की नाही, हा प्रश्न संघापुढे आला. तेव्हा त्यांनी झानला बोलावलं. स्वीकारू नये, रोजच्या दानावरच राहावं, असं तिचं मत पडलं. तसा निर्णय झाला आणि कुठल्याही पदावर नसलेल्या या बाईची सही त्या कागदावर घेतली गेली.

तिचं संस्थापकपण मी या रोजच्या दानावर जगण्याच्या रीतीतच पाहतो, आणि ही रीत सुरुवातीपासूनची. तिच्याकडे आलेल्या म्हाताऱ्यांपैकी कित्येकजणी दारोदार भीक मागून जगत होत्या. झाननं त्यांची नेहमीची घरं विचारून घेतली आणि त्यांच्याऐवजी ती स्वतः टोपली घेऊन त्या दारांत उभी राहू लागली. आपल्याकडच्या माधुकरीसारखी घरं ठरलेली, पण लाज म्हातारीच्या वाट्याची उरली नाही. पाव, भाजी, लाकूडफाटा, जुने कपडे, जे मिळेल ते ती आणी. ज्यांचे हात चालत त्या म्हाताऱ्या सूत कातत, लोकर पिंजत. हे घर त्यांचंही होतं. ‘ही नुसती दया, यात व्यवस्था कुठे?’ असं विचारणाऱ्यांनी हे सगळं एकदा नीट वाचावं.

२९ ऑगस्ट १८७९ रोजी ती वारली तेव्हा संघात सुमारे चोवीसशे सिस्टर्स होत्या. तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांत, १८८२ साली, कोलकात्यात त्यांचं घर सुरू झालं. लोरेटोचा मठ सोडलेल्या मदर तेरेसा १९४८ च्या डिसेंबरात कोलकात्यात परतल्या, तेव्हा त्यांना आसरा तिथेच मिळाला. मुंबईत अंधेरीलाही या सिस्टर्सचा वृद्धाश्रम आहे.

ल पायरला रोमनं १८९० मध्ये पदावरून दूर केलं. मारी झामेनं १८९३ साली मृत्यूपूर्वी सांगून टाकलं की पहिली सिस्टर आणि संस्थापक आपण नव्हे, झान. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी झानला संत घोषित केलं. तिची गोष्ट मुलांना सांगणाऱ्यांना, तिच्यावर लेख लिहिणाऱ्यांना आणि प्रवचन करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: तिची नम्रता जरूर सांगा, आणि २३ डिसेंबर १८४३ ला काय झालं, कुणी केलं, तेही नाव घेऊन सांगा.