परातीभोवतीची दिवाळी

उद्या वसुबारस. माळ्यावरचे मोठे डबे खाली उतरले आहेत, पातळ पोहे गच्चीत ऊन खात पडले आहेत आणि घराघरांतून एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येते आहे : 'मध्ये मध्ये करू नकोस!' ज्याला उद्देशून ते म्हटले जाते त्याचे वय साधारण दोन ते आठ. त्याला सोऱ्याची मूठ फिरवून पाहायची असते, रांगोळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालायचा असतो, करंजीचे सारण मोजणीत नसलेल्या चमच्याने चाखायचे असते. शेवटी त्याच्या हाती मोबाइल दिला जातो आणि घर कामाला लागते. 'पोरांसाठी तर करायचं सगळं' असे म्हणत जे केले जाते, त्यातून पोरेच तेवढी बाहेर.

हे वाक्य उच्चारणाऱ्या आईला दोष देण्याचा आमचा इरादा नाही. तिच्यापुढची यादी पाहा : साफसफाई, भाजणी, लाडू, चिवडा, पाहुणे, भाऊबीजेचे देणेघेणे, आणि यातले बरेचसे नोकरी सांभाळून. देशभर 2019 साली झालेल्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी 299 मिनिटे देतात आणि पुरुष 97, असे आढळले होते. ही 97 मिनिटेही जे पुरुष घरात काही करतात त्यांची; तसे करणारे चारांत जेमतेम एक. सणाच्या आठवड्यात हा हिशेब कुठल्या बाजूला झुकत असेल ते सांगायला पाहणीची गरज नाही. एकटीनेच सगळे उरकायचे असेल तर तीन वर्षांचा मदतनीस हे संकटच. तो एक शंकरपाळी कापेपर्यंत तिच्या तीस कापून होतात.

म्हणून यादीच कापायला हवी. अनारसे घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाळवून कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवायचे. आणि एवढे सायास करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला की करणारीने रडायचे. ज्यांना तो सोस आहे त्यांनी खुशाल करावा. बाकीच्यांनी तो बचत गटाच्या बायकांकडून घ्यावा, त्यांच्या घरी त्या पैशांतून कुणासाठी फ्रॉक येतो. विकतच्या फराळाला नाके मुरडणारे लोक बहुधा स्वतः कढईपाशी उभे राहिलेले नसतात. भाजणीच्या चकलीत मोहन जास्त झाले तर ती तेलात विरघळते, कमी झाले तर दाताला लागते. हे मधले माप सासूकडून सुनेकडे वर्षानुवर्षांच्या बोलण्यांसकट आले आहे. ते एका वर्षी पुढे गेले नाही म्हणून संस्कृती बुडत नाही.

पण जे दोन-तीन पदार्थ घरी होतील, ते मात्र परातीभोवती सगळ्यांनी बसून व्हावेत. कढईपासून मूल लांबच हवे, यात तडजोड नाही. तळण मोठ्यांनी करावे आणि त्या 'मोठ्यां'त वडीलही येतात. त्याआधीची कितीतरी कामे मात्र लहानांच्या हाताजोगती आहेत. चिवड्याचे पोहे चाळायचे. करंजीच्या कडेने कातण फिरवायचे. बेदाण्याची देठे काढायची, त्यातले निम्मे पोटात गेले तरी चालेल. नव्या पणत्या पाण्यात बुडवायच्या : कोरडी माती पाणी पिऊ लागली की बुडबुडे सुटतात आणि बारीक चुर्र आवाज येतो, त्यावर चार वर्षांचे मूल अर्धा तास सहज रमते. भिजवलेली पणती तेल कमी पिते, हे त्याला त्याच वेळी सांगता येते. 'आधी पाणी का प्यायला दिलं?' या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर कुठल्या पाठ्यपुस्तकात असेल असे वाटत नाही.

हाताशी असलेल्या कामातून मुलाला शिकू देण्याची ही वाट जुनीच आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. मादाम माँटेसरींच्या पद्धतीतली महागडी साधने तिथल्या मुलांसाठी आणणे शक्य नव्हते. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शिंपले, बिया, पाने, दगड हाताशी घेतले आणि शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. मुलाला खेळण्यातले काम नको असते, खरे काम हवे असते, हे त्या दोघींना पक्के ठाऊक होते. आजच्या पालकांना हेच शिकवणारी शिबिरे शहरांत पैसे मोजून भरतात, आणि त्यातून परतलेला पालक दिवाळीत पोराला परातीपासून उठवतो.

किल्ल्याचे तसेच. विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरायचे, तांबडी माती लिंपायची, अळीव किंवा मोहरी पेरायची. ती उगवून हिरवळ दिसायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा पाडव्याला गड हिरवा हवा असेल तर वसुबारसेला हात चिखलात पाहिजेत. चौदा सेकंदांच्या व्हिडिओंत वाढणाऱ्या पिढीला वाट पाहायला लावणारा यापेक्षा बरा उपाय आम्हाला माहीत नाही. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये माती नको, असा फलक लागतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लॅस्टरचा रंगवलेला किल्ला घरात येतो. त्यावर मावळे मांडले की उरकले. जिथे बुरूज कोसळतच नाही तिथे तो का कोसळला, हा प्रश्नही पडत नाही.

2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशातले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. भाषणे झाली, फटाके वाजले. त्या बारांतला एखादा मुलांना अंगणात बांधू द्यावा, हा त्या मानाचा चांगला वापर ठरेल. राजगड घेतला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला बसवताना पहिलीतल्या मुलाची चांगलीच त्रेधा उडते. सिंधुदुर्ग घेतला तर तो नक्की विचारणार, 'सगळीकडे खारं पाणी, मग सैनिक प्यायचे काय?' मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या आतल्या गोड्या विहिरींसाठी तीन वाट्या पुराव्या लागतात. रायगड घेतला तर हिरकणीची दंतकथा आलीच. घरी तान्हे मूल आहे म्हणून रात्री कडा उतरलेली ती आई. या गोष्टी सांगायला आजोबा मोकळेच असतात, फक्त कुणी विचारायला हवे. गोव्यात याच सुमाराला पोरे नरकासुर बांधण्यात रात्री घालवतात. गवत, कागद, खळ आणि प्रचंड आरडाओरडा. चतुर्दशीच्या पहाटे तो जाळला की घरोघर पोह्यांचे पाच-सहा प्रकार मांडले जातात. जे बांधले ते जाळायचेच आहे, हे माहीत असूनही त्याच्या मिशांवर तासभर वाद घालणारी ती मुले आम्हाला फार शहाणी वाटतात.

फटाक्यांबद्दल दरवर्षी लिहितो, तेवढेच यंदाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली होती. घरातल्या सर्वांत लहान मुलाने कानांवर हात ठेवले की न्यायालयाची वाट पाहू नये.

मुलगा आणि मुलगी हा भेदही परातीपाशीच सुरू होतो, हे नमूद केले पाहिजे. किल्ला दादाचा, रांगोळी ताईची, अशी वाटणी अजून बऱ्याच घरांत आपोआप होते. पाच वर्षांच्या मुलाला पोहे चाळायला बसवले तर पुढच्या पंचवीस वर्षांनी होणाऱ्या पाहणीत ती 97 मिनिटे कदाचित थोडी वाढलेली दिसतील.

मुलांना कामात घ्या, असे इतक्या मोकळेपणाने आम्ही ज्या घरांना सांगतो आहोत, तिथे काम हा खेळ होऊ शकतो. जिथे तसे नाही अशी घरेही याच राज्यात आहेत. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतल्या ऊसतोड मजुरांच्या घरी दिवाळीची तयारी म्हणजे बिऱ्हाडाची बांधाबांध. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. पाडवा-भाऊबीज आटोपली की नवरा-बायकोचा 'कोयता' कारखान्याकडे निघतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळीच्या शेजारी पोरे बसतात. पुढचे पाच-सहा महिने आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण कोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. तिला लहान वयात खऱ्या कामाची गोडी लावायला कुणा शिक्षणतज्ज्ञाची गरज पडत नाही. तिला हवी असते ती त्यातून सुटका आणि चालू राहिलेली शाळा. मुलांना गावातच ठेवून त्यांच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे याचसाठी आहेत. ती दिवाळीची सुट्टी लागण्याआधी सुरू झाली तरच आई-बापांना पोर मागे ठेवण्याचा विचार करता येतो. ट्रॉली सुटून गेल्यावर वसतिगृहाच्या मंजुरीचा कागद तालुक्याच्या टेबलावरून हलला, तर त्या वर्षापुरते ते मूल उसाच्या फडातच मोजावे लागते. शिक्षण विभागाने यंदाची कामे हातावेगळी करताना हा कागद सर्वांत वर ठेवावा, आणि तोही लक्ष्मीपूजनाच्या आत.