पंप शिवारात, पगार परगावी

सौर कृषिपंप हिंगोली जिल्ह्यात बसतो, पण तो घडवण्याचा रोजगार बहुतांशी बाहेरच राहतो. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकरी किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी ५ टक्के रक्कम भरतो. अडीच एकरांपर्यंतच्या जमिनीला ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. त्याचे भाग वेगळे काढले की रोजगाराचा हिशेब उलगडतो. पॅनेलमध्ये काच, सिलिकॉनचे सेल, ॲल्युमिनियमची चौकट आणि मागे जंक्शन बॉक्स असतो. त्याचे मोठे कारखाने गुजरातेत चिखली, मुंद्रा येथे आहेत. सेलसाठी लागणारे वेफर मुख्यतः चीनमधून येतात. शिवाय जोडणीचे बरेच काम यंत्रेच करतात. कळमनुरी वा सेनगावात असा कारखाना येण्याची वाट पाहणे म्हणूनच फारसे शहाणपणाचे नाही. पॅनेलखालचा जस्तलेपित लोखंडी सांगाडा, नियंत्रकाची पेटी आणि मोटारीची दुरुस्ती यांचे तसे नाही. ही कामे कटिंग, वेल्डिंग, वायरिंग जाणणाऱ्या आयटीआय झालेल्या हातांची आहेत. हळद आणि उसावर चालणाऱ्या वसमतसारख्या बाजारपेठेत बारमाही पगाराची नोकरी आधी याच कामांतून उभी राहू शकते. त्यासाठी पुरवठादारांच्या करारातच स्थानिक जोडणी आणि दुरुस्ती केंद्राची अट हवी.