विश्लेषण : छोटा मंच, मोजके नेपथ्य; गावासाठी एकांकिका निवडायची कशी?

गणेशोत्सव, नवरात्र किंवा शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की गावोगावी एकांकिकेची चर्चा सुरू होते. स्पर्धेत गाजलेल्या एखाद्या संहितेची पीडीएफ कोणीतरी मिळवतो, वाचन होते, भूमिका वाटल्या जातात. मंच केवढा आहे, दिवे किती आहेत आणि तालमीला रोज कोण येऊ शकेल, हे प्रश्न त्यानंतर पुढे येतात. हा क्रमच उलटा आहे. आधी मंच मोजावा, मग संहिता शोधावी.

अडचण नेमकी कुठे होते?

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. अशा गावांत मंच म्हणजे बहुधा शाळेचा ओटा, मंदिरापुढचा मांडव किंवा तात्पुरते बांधलेले व्यासपीठ. विंगेला जागा नसते. दिवे म्हणजे दोन हॅलोजन, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही.

शहरातील सुसज्ज नाट्यगृह डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या संहितेत मात्र ‘मंचावर अंधार’ ही सूचना पुन:पुन्हा येते. मांडवात अंधार होतच नाही, कारण बाहेरचा रस्त्यावरचा दिवा जळत असतो. मग दुःखाचा प्रसंग संपताच दोन जण सगळ्यांदेखत खाट उचलून नेतात आणि प्रेक्षक हसतात. पोरांना वाटते, आपल्याला अभिनय जमला नाही. खरे तर चूक संहिता निवडतानाच झालेली असते.

नेपथ्य कमी म्हणजे दर्जा कमी का?

अजिबात नाही. ज्या गावाच्या नावातच रेणुकाई आहे, तिथे हे वेगळे सांगायची गरज पडू नये. रेणुकेचा गोंधळ घालणारे गोंधळी संबळ, तुणतुणे आणि दिवटीच्या उजेडावर रात्रभर आख्यान रंगवतात. राजवाडा आणि रणांगण ते शब्दांतून आणि हालचालींतून उभे करतात. भारुड आणि तमाशाचीही हीच रीत. सोंगाड्याने मंचावर एक फेरी मारली की प्रेक्षक गाव बदलल्याचे मान्य करतात.

नागर रंगभूमीनेही हे उसने घेतले. विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) नटांची रांग हीच भिंत झाली. सॅम्युअल बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ १९५३ मध्ये पॅरिसच्या मंचावर आले, ते एक रस्ता आणि एका झाडाच्या बळावर. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेनेही नेपथ्य आणि प्रकाशाच्या थाटापेक्षा लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांनाच महत्त्व दिले.

जालन्याने काय दाखवून दिले?

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे २०१२ च्या सुमारास गाजलेले नाटक जालना जिल्ह्याच्या मातीतले. राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन आणि संभाजी भगत यांची संकल्पना व गीते. नटसंचात जिल्ह्यातील शेतीत राबणारे तरुण होते. हे पूर्ण लांबीचे नाटक असले तरी एकांकिका करणाऱ्यांनी त्यापासून दोन गोष्टी घ्याव्यात.

पहिली, वस्तूंची काटकसर. शिवाजी महाराजांच्या टोपाचा, म्हणजेच त्यांच्या विचारांच्या खऱ्या वारसाचा शोध हा नाटकाचा गाभा आहे. डोक्यावरची एक वस्तू अख्खा विषय पेलते. दुसरी, भाषा. पात्रे मराठवाड्याच्या बोलीत बोलतात. उसनी भाषा तोंडात बसवण्यात नटांची शक्ती खर्च होत नाही.

संहिता तपासायची कशी?

पहिली कसोटी सोपी आहे. कंसातल्या रंगसूचना झाकून केवळ संवाद मोठ्याने वाचावेत. प्रसंग कुठे घडतो आणि कोण कोणाशी बोलतो हे ऐकणाऱ्याला समजले, तर ती संहिता मांडवात टिकेल. दार, कपाट, फोन आणि जिना यांवाचून विनोदच उभा राहत नसेल, तर ती दिवाणखान्यातली संहिता कितीही चांगली असली तरी बाजूला ठेवावी. तिथे नेपथ्य काढून टाकले की साधेपणा येत नाही, उणीव दिसते.

दुसरी कसोटी जागेची. शाळेच्या अंगणात ओट्याएवढी चौकट चुन्याने आखावी आणि सर्व पात्रे तिच्यात उभी करून पाहावीत. धक्के लागत असतील तर पात्रे जास्त आहेत. पात्रे कमी असण्याचा आणखी एक फायदा आहे. मिरचीची तोडणी आणि गाडीभरणी चालू असताना दहा जण रोज तालमीला जमत नाहीत, तीन-चार जण जमतात.

तिसरी कसोटी आवाजाची. दोन माइकवर चालणाऱ्या प्रयोगात एकाच वेळी पाच जण बोलू लागले की काहीच ऐकू येत नाही. लहान वाक्यांचे, एकमेकांना उत्तर देणारे संवाद इथे तग धरतात. लांबी ३० ते ४० मिनिटे पुरेशी आहे.

चौथ्या कसोटीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. संहितेत मुलींना काय काम आहे? ‘मुली मिळत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्या मंडळांच्या संहितेत मुलींसाठी बहुतेकदा चहा आणून देणारी बहीण किंवा रडणारी आई एवढेच असते. खरे काम असलेली भूमिका आणि दिवसाउजेडी तालीम, एवढे दिले तर घरचेही सहज हो म्हणतात.

सुरुवात कुठून करावी?

नवख्यांनी दिवाकरांच्या नाट्यछटांपासून सुरुवात करावी. शंकर काशिनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर (१८८९–१९३१) यांनी १९११ पासून हा प्रकार मराठीत रुजवला. एकच पात्र बोलते, समोरचे माणूस प्रेक्षकाने कल्पनेने पाहायचे. नेपथ्य शून्य.

पुढची पायरी म्हणून प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ आहे. दोन नट अस्पृश्यतेचा आणि पाण्याचा प्रश्न मांडतात. टँकरची वाट पाहिलेल्या मराठवाड्यात या विषयाला पार्श्वभूमी समजावून सांगावी लागत नाही.

परवानगीचे काय?

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे दिवाकरांच्या नाट्यछटा आता सर्वांना खुल्या आहेत, हयात लेखकांच्या संहिता नाहीत. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कायद्यात सूट आहे. तरीही लेखकाला कळवून परवानगी घेणे हीच रीत योग्य. जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची चौकशीही करून ठेवावी.

लोकांना भपका हवा असतो, त्याचे काय?

हा आक्षेप खोटा नाही. रोषणाई आणि डीजेपुढे दोन खुर्च्यांची एकांकिका फिकी वाटेल, ही भीती मंडळांना असते. पण भपक्याच्या शर्यतीत गावचे नाटक कधीच जिंकणार नाही, कारण त्याहून मोठा भपका प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर आहे. मोबाइल देऊ शकत नाही अशी एकच गोष्ट नाटकाकडे आहे : ओळखीचा माणूस, डोळ्यांसमोर, वेगळाच होऊन बोलताना दिसणे. पडदे आणि प्लायवूडवर वर्गणी संपवणाऱ्या मंडळाने तोच पैसा चांगला माइक, तालमीतला चहा आणि लेखकाचे मानधन यांवर खर्च करावा.

चुकीच्या निवडीची किंमत एका फसलेल्या प्रयोगापुरती नसते. पहिल्याच वेळी हसे झालेला मुलगा किंवा मुलगी पुन्हा ओट्यावर चढत नाही, आणि पुढच्या वर्षी मंडळ नाटकाऐवजी ऑर्केस्ट्रा ठरवते. ते टाळायचे असेल तर नटांची यादी करण्याआधी चुना आणि दोरी घेऊन ओटा मोजायला हवा.