दोन मिनिटांत कुणाचा वेळ वाचतो?

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी फक्त घरात. त्यामुळे गेल्या वर्षापर्यंत ‘निवडणे’ या क्रियापदाचा माझ्या डोक्यातला अर्थ एकच होता – इलेक्शन! भाजी निवडतात, तांदूळ निवडतात हे कानावर पडलेलं होतं, पण त्याला किती वेळ लागतो हे कळायला मला विशी गाठावी लागली. ते कसं कळलं त्याचीच ही गोष्ट. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील अशी आशा!

गेल्या हिवाळ्यात सेमिस्टर संपवून मी तीन आठवडे घरी, डोंबिवलीला गेले. आई फोर्टला नोकरी करते. सकाळी ७.२० ची लोकल, घरी परत यायला संध्याकाळचे साडेसात. बाबांची नोकरी जवळ, ते सहालाच घरी असतात. धाकटा भाऊ आठवीत. आईच्या रिपोर्टमध्ये साखर बॉर्डरवर आली आहे, हे बाबांनी फोनवर सांगितलं होतं. म्हणून मी पूर्ण तयारीनिशी गेले. म्हणजे काय केलं? गेल्या गेल्या स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि भाषण सुरू केलं.

नूडल्स, सूपची पाकिटं, इन्स्टंट उपमा, दोन प्रकारचे सॉस, बिस्किटांचे पुडे... सगळं ओट्यावर मांडलं. पाकिटावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात, हे आईला समजावलं. पहिल्याच ओळीत मैदा, पामतेल आणि साखर असेल तर पुढे वाचायची गरजच नाही, असंही वर ऐकवलं. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मॉन्तेइरो यांनी २००९ साली मांडलेला मुद्दा सांगितला. अन्नात प्रोटीन किती, फॅट किती एवढंच न बघता त्यावर कारखान्यात कशी आणि किती प्रक्रिया झाली तेही बघा, असं ते म्हणतात. मग २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. वीस माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणाले. दोन्हीकडे समोर वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ सारखंच. तरी पाकीटबंद अन्नावर असताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली!

आईने सगळं ऐकून घेतलं. ती पर्स लटकवून नुकतीच आत आली होती, चपलासुद्धा काढायच्या होत्या. म्हणाली, “बरं. उद्यापासून तू कर.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून किचन माझ्या ताब्यात.

पहिल्या आठवड्याचा लॅब रिपोर्ट असा : मेथीच्या दोन जुड्या निवडायला ४० मिनिटं, शिजल्यावर भाजी मूठभर. सोळा पोळ्यांना सव्वा तास, त्यातल्या गोल चार. तिसऱ्या दिवशी राजमा रात्री भिजवायला विसरले, दहा शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकच. आणि पाचव्या दिवशी, मित्रांनो, मी स्वतः नूडल्सचं पाकीट फोडलं. भाऊ खूश! आई काही बोलली नाही. निमूटपणे खाल्लं आणि बशी विसळून ठेवली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री वही घेऊन बसले. शेवटी आपण इंजिनियर ना! प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरात क्रिटिकल पाथ काढतो तसा काढला. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. स्वयंपाकात दोन वेगवेगळे वेळ असतात. एक पदार्थाला लागणारा आणि एक माणसाला लागणारा. मटकी रात्री भिजते, सकाळी उपसून फडक्यात बांधली की दुसऱ्या सकाळी मोड तयार. पदार्थाला लागले तीस-बत्तीस तास, माणसाला जेमतेम पाच मिनिटं. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे वरण, भात आणि भाजीचे बटाटे एकाच वेळी, एकाच गॅसवर, आपण समोर उभं न राहता शिजतात. दही तर आपण झोपलेले असताना लागतं. म्हणजे चांगलं अन्न संथ असतं, पण ते प्रत्येक मिनिटाला आपल्याला ओट्याशी बांधून ठेवत नाही. फक्त आदल्या दिवशी आठवण पाहिजे.

आणि ‘इन्स्टंट’ हा शोध काही कारखान्यांचा नाही हो! आजीची थालिपिठाची भाजणी काय आहे? बाजरी, ज्वारी, तांदूळ, चणाडाळ, उडीद, धणे, जिरे भाजून दळून आणायचं. भाजल्यामुळे ओलावा जातो, पीठ टिकतं, संध्याकाळी कांदा चिरून घातला की पंधरा मिनिटांत जेवण. मेतकूट-भात, सांडगे, कुरडया, सगळं याच जातीतलं. तेव्हा ‘प्रक्रिया’ या शब्दाला घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणल्या की आईला अपराधी वाटायचं. मी म्हणते, का? कणीक, तेल, मीठ आणि कुणातरी बाईचे हात, एवढंच त्यात आहे. ती पोळी आणि सहा महिने टिकणारं पाकीट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरा आठवडा बरा गेला. पण सगळं प्लॅनिंग करूनही रोजचे माणसाला लागणारे दीडेक तास उरतच होते. ते काही केल्या शून्यावर येईनात. मी सुट्टीवर, तरुण, मला प्रवास नाही, तरी रात्री पाय दुखायचे. आणि मग ट्यूब पेटली! हे प्लॅनिंग आई गेली बावीस वर्षं करतेच आहे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात बायका मांडीवर पिशवी पसरून मटार सोलतात, ते मी लहानपणापासून बघितलं आहे. मला ती गंमत वाटायची. तो त्यांच्या क्रिटिकल पाथचा भाग आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईने पाकिटं आणली ती अज्ञानापोटी नव्हे. घरात ‘आत्ता नको, मॅच चालू आहे’ असं न म्हणणारा मदतनीस तिला एकच मिळाला, तो म्हणजे पाकीट!

हे फक्त आमच्या घरचं नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. पुरुषांमध्ये मुळात घरकामाला हात लावणारेच २६ टक्के. २०२४ च्या सर्वेक्षणात आकडे आले २८९ आणि ८८. म्हणजे बायकांचं काम दहा मिनिटांनी कमी झालं आणि पुरुषांचंही नऊ मिनिटांनी कमी झालं. वा!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : ‘धावपळीच्या आयुष्यात सकस अन्न कसं द्यावं’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणी द्यावं, हे त्यात गाळलेलं असतं. दीड तास एका माणसाला जड जातो. चार माणसांत वाटला तर पंचवीस मिनिटंसुद्धा वाट्याला येत नाहीत. कोणी म्हणतं, पूर्वीच्या बायका करायच्याच ना? करायच्या, पण घरात चार बायका असायच्या आणि त्यांना ७.२० गाठायची नसायची. कोणी म्हणतं, स्वयंपाकाला बाई ठेवा. जरूर ठेवा, पण तिच्या घरी तेव्हा कोण रांधतं, हेही एकदा विचारा.

तिसऱ्या आठवड्यात फ्रिजवर टाइमटेबल लागलं. बाबांकडे सहाचा कुकर आणि कणीक, भावाकडे कडधान्य भिजवणं आणि कोथिंबीर-मेथी निवडणं. बाबा म्हणाले, “मी मदत करीन.” मी म्हटलं, “बाबा, मदत दुसऱ्याच्या कामात करतात.” ते जरा रागावले. दोन दिवसांनी कणीक सैल झाली तेव्हा मात्र स्वतःच हसले.

आता मी इथे हॉस्टेलवर आहे. खरं सांगायचं तर भावाने मेथी केव्हाच सोडली, कपाटात बिस्किटं परत आली आहेत. पण बाबांचा कुकर अजून लागतो. आई परवा फोनवर म्हणाली, “अगं, काल घरी आले तर वरण-भाताचा वास दारापर्यंत येत होता.” पुढचं काही ती बोलली नाही, मलाही बोलता आलं नाही. साखरेचा रिपोर्ट पुढच्या महिन्यात आहे.

मेसच्या भाजीला आपण सगळेच नावं ठेवतो आणि ‘घरचं जेवण’ म्हणून उसासे टाकतो. (मीसुद्धा! रात्री दीडला केटलमध्ये काय शिजतं हे रेक्टर मॅडमना माहीत नाही असं समजू नका.) या सुट्टीत घरी जाल तेव्हा लेबलं जरूर वाचा, पण आईला वाचून दाखवू नका. पिशवीतली मेथीची जुडी काढा, वर्तमानपत्र पसरा आणि निवडायला बसा. मुलांनो, हे तुम्हालाही उद्देशून आहे. ४० मिनिटं लागतात, मी मोजली आहेत. दोघं बसलात तर वीस!